गर्दीच्या तोंडी आलेलं नाव

कोल्हापूरला जायचं सायलीनं ठरवलं आणि मी नेहमीप्रमाणे माइकची पेटी उचलून तिच्या मागे निघाले. सायली माझी जोडीदार. पुण्यात आम्ही दोघी एका घरात राहतो. ती फिल्म लिहिते, बसवते आणि मी आवाज टिपते. या वेळची तिची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची होती. गावाबाहेर एकमेकींच्या प्रेमात राहणाऱ्या दोन बायका, गाव त्यांना चेटकीण ठरवतं, देवाला कौल लावतं आणि मग जे व्हायचं ते होतं. छोटासा भयपट. "जुना काळ दाखवला की कुणाला राग येत नाही," हे सायलीचं तत्त्वज्ञान. मला ते तेव्हा पटलं होतं.

पुण्याहून उजाडायच्या आत निघा. साताऱ्यापुढे रस्त्याची कामं चालू आहेत, ती कधी संपणार हे कुणाला विचारू नका. दुपारच्या आत कोल्हापूर गाठलंत तर शिवाजी पेठेत मिसळ मिळेल, नाक पुसत पुसत खा. आम्हाला तिथे नाटकांचे कपडे भाड्यानं देणाऱ्या एका काकांकडून लुगडी घ्यायची होती.

"कसली फिल्म म्हणायची, पावणं?"

"चेटकिणीची."

"मग हिरवं न्या की. चेटकिणीला समदी हिरवंच नेत्यात."

"चेटकिणीला वेगळं लुगडं असतं होय?" सायली हसत म्हणाली.

"आता बघा! न्हाईतर वळखायची कशी?"

आम्ही खूप हसलो. हिरवी दोन घेतली.

राधानगरीपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे हाडं खिळखिळी होतात. पावसाळा संपल्यावर, भातकापणीच्या सुमाराला गेलात तर डोळ्यांचं पारणं फिटेल इतकं सुंदर. रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. धरणाच्या पुढे आम्ही ज्या गावात राहिलो त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

गावानं आधी देवाला विचारलं. या भागात कोणतंही मोठं काम काढायचं तर गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या शूटिंगला उजवा कौल मिळाला. सायलीनं गुरवाला विचारलं, असाच कौल फिल्ममध्ये लावाल का? म्हातारा उखडलाच. "देवाम्होरं खोटा कौल लागत न्हाय, बाई." मग आम्ही फणसाखाली थर्माकोलचा देव बसवला.

राहायची सोय आक्कांकडे होती. आक्का म्हणजे पन्नाशीच्या, आवाजानं गाव जागं करणाऱ्या, मायाळू बाई. नाचणीची भाकरी, वाटाण्याची आमटी आणि म्हशीचं सुरीनं कापावं असं दही. "एकच खोली चालंल न्हवं? मैतरणी हायसा, बोलत पडा," म्हणाल्या. आम्हाला चालणारच होतं. फिल्म झाली की देवळासमोर पडदा लावून सगळ्या गावाला दाखवायची, असं सायलीनं पहिल्याच दिवशी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी न्यायनिवाड्याचा प्रसंग. गर्दीत गावातल्याच बायका. सायली त्यांना संवाद समजावून सांगू लागली तर आक्कांनी हात झटकला.

"आमास्नी शिकवू नगा म्याडम. काय बोलायचं ते ठावं हाय."

आणि ठावं होतं. कानावर हेडफोन असल्यामुळे मला एकेक आवाज सुटा ऐकू येत होता. "हिच्या नजरंनं म्हस आटली!" "हिला बाप्या नगं, बाईच लागती!" यातलं एकही वाक्य सायलीनं लिहिलेलं नव्हतं. बायकांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. चेटकिणी झालेल्या आमच्या दोन नट्या खरोखर मागे सरकल्या. मग आक्का पुढे झाल्या आणि एक नाव घेऊन किंचाळल्या. पात्राचं नाव ते नव्हतंच.

मग दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"कट! सुंदर!" सायली ओरडली.

जेवताना मी विचारलं, "आक्का, ते नाव कुणाचं?"

"व्हती एक. चेटकीण." आक्का भाकरी थापत होत्या. "न्हवरा मेलेली. आन दुसरी एक न्हवऱ्याला सोडून तिच्याकडं येऊन ऱ्हायलेली. माझं थोरलं पोरगं तापानं फणफणलं, तवा ह्यांस्नी गावात ठिवायचं का म्हनून कौल लावला, डावा आला, आन हाकलली दोघींस्नी. ती पयली आता मुरगुडात चटणी कांडती म्हनं. दही वाढू?"

त्यांनी वाढलं. मी खाल्लं.

खोलीत आल्यावर सायलीचे डोळे चमकत होते. "हे ठेवायचंच. असं मागून मिळत नाही."

"तिला विचारून."

"अगं, नावच आहे. शंभर बायकांचं असेल."

सकाळी मी एकटीच निघाले. राधानगरीहून मुदाळतिट्ट्यामार्गे मुरगूडला एसटी जाते, खिडकीची जागा धरा. मुरगुडात चटणी कांडणारी जागा शोधायला पत्ता लागत नाही, नाक पुरतं. मी शिंकून बेजार. मावशी, त्यांचं नाव इथेही लिहीत नाही, मिरच्यांच्या ढिगापाशी बसून शांतपणे देठं खुडत होत्या. मी गाव सांगितलं तसा त्यांचा हात थांबला. सगळं ऐकून घेतलं.

"कौल काय आला व्हता सांगितलं का तुला?"

"डावा."

"पयला उजवा आला व्हता. माझ्या बाजूनं. त्यांनी परत लावला. डावा येईस्तवर लावला."

मी दुसऱ्या बाईंचं विचारलं.

"तिला भावांनी नेलं. परत दिसली न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या फिल्मवाल्या म्याडम तुझ्या कोण?"

"आम्ही एकत्र राहतो."

"व्हय," म्हणाल्या. दोन देठं खुडून पुन्हा, "व्हय. कळलं."

निघताना त्यांनी एवढंच मागितलं. "देवळाम्होरं लावणार न्हवं ती फिल्म? मग माझं नाव काढ त्यातनं. मी तितं परत उभी ऱ्हाणार न्हाय. त्यांच्या हाकंनंबी न्हाय."

पुण्यात आल्यावर मी ते नाव पुसलं. माझ्या रेकॉर्डिंगमधून, कॅमेऱ्यातल्या आवाजातूनही, परत मिळणार नाही असं. मग सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "फिल्मचा जीव काढलास तू. ती बाई फिल्म बघायलासुद्धा येणार नव्हती." तेव्हापासून ती दुसऱ्या खोलीत झोपते. आपण दोघी कुणाच्या बाजूनं ही गोष्ट सांगायला निघालो होतो, हे मी तिला रोज विचारते आणि ती रोज म्हणते की तुला कलेतलं कळत नाही. असेल. मला केल्याचं वाईट वाटत नाही, राग मात्र जात नाही. सायलीचा येतो, गुरवाचा येतो, आणि सगळ्यात जास्त आक्कांचा, कारण त्यांनी आम्हाला खरोखर जीव लावला आणि आम्ही कोण हे कळलं असतं तर त्याच तोंडानं काय ओरडल्या असत्या तेही मी स्वच्छ ऐकलं आहे.

तुम्ही जा. रस्ते, रान, जेवण यांबद्दल लिहिलं ते सगळं खरं आहे.

परवा आक्कांचा फोन आला. फिल्म कधी दाखवताय, बायका विचारून विचारून जीव खातात म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून लाजत म्हणाल्या, "माझा आवाज आलाय न्हवं त्यात?"

"आलाय, आक्का," मी म्हणाले. "सगळ्यात मोठा तुमचाच आलाय."

फोन तसाच धरून त्या घरातल्यांना ओरडून ते सांगू लागल्या.