ग्रीक की कॅन्टोनीज? लेण्याद्री, शिवनेरी आणि माहेरचा कौल

सोमवारी सकाळी मुग्धाला तिच्या कंपनीला एकच शब्द कळवायचा होता. ग्रीक, नाहीतर कॅन्टोनीज. कंपनी जहाजांवरच्या मालाचे कागद सांभाळते. जी भाषा निवडाल तिचा आधी वर्ग, मग तिकडच्या बंदरात नोकरी: एक अथेन्सजवळ, दुसरी हाँगकाँगला. हे गेल्यापासून मंचरच्या घरात आम्ही मायलेकी दोघीच. पोरगी आठवडाभर ताटातला भात चिवडत होती. शेवटी मीच म्हटलं, “चल, आधी लेण्याद्रीच्या गणपतीपुढे डोकं टेकू, मग माझ्या माहेरच्या देवीला कौल लावू. ती सांगेल.”

शनिवारी सकाळची एसटी धरली. बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे जीपच्या नादी लागू नका. नारायणगावला उतरून मिसळ खाल्ली. दोघींत एक प्लेट आणि जादा पाव घ्या. रस्सा परत मागितला तर वाढतात, पण हसून मागायचा.

जुन्नरच्या गाडीत मी विचारलं, “सोपी कुठली ते तरी सांग.”

“आई, ग्रीक आपल्यासारखी आहे. तो, ती, ते अशी तिन्ही लिंगं. आपलं ‘ते मूल’ तिकडेही ‘ते’च. मी जाते, तू जातेस, तसं क्रियापदाचं शेपूट बदलतं. तू-तुम्हीचा मानसुद्धा आहे.”

“आणि अक्षरं?”

“चोवीस. थोडी तुलाही येतात. थीटा, पाय.”

मी मॅट्रिकला भूमितीत ज्यांच्यापुढे हात टेकले होते तीच ही मंडळी. त्यांच्यात एक भाषा राहते हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर जरा प्रेमाने बघितलं असतं.

“मग कॅन्टोनीज का नको?”

“तिला शेपटं नाहीत. मी जा, तू जा, काल जा, उद्या जा, सगळं एकच. क आणि ख, त आणि थ वेगळे काढावे लागतात. इंग्रज तिथे अडतो, आपण नाही.”

“म्हणजे माझ्या माहेरच्यांनी शिकू नये. ते ‘तुम्ही’तला ह सुद्धा खाऊन टाकतात.”

मुग्धा आठवड्यात पहिल्यांदा हसली. पण वाचायला हजारो चित्रं पाठ करावी लागतात, म्हणाली, आणि शिवाय सूर. एकच ‘सी’ सहा सुरांत म्हणायचा. वर धरला तर कविता, खालून वर चढवला तर इतिहास, मग प्रयत्न, वेळ, बाजार, काम. तिने मोबाईलवर ऐकवलं. मी भजनात मागे टाळ धरणारी बाई. दोनदा ऐकून म्हणून दाखवलं. तिला चौथा आणि सहावा काही केल्या वेगळा काढता येईना.

पुढच्या सीटवरचे बाबा वळले. “मावशी, भजनी मंडळ हाय का? आमच्या सप्त्याला येता?”

“नाही हो, चीनची भाषा आहे.”

“मंग ऱ्हाऊ द्या. आमचा पेटीवाला अजून मराठीतच चुकतोय.”

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना पिशवी पदराखाली ठेवा, माकडं नारळ ओळखतात. तिकीट काढावं लागतं. वर गणपतीचं लेणं डोंगरातच कोरलेलं, मध्ये एक खांब नाही. हात जोडले, पण मागणं काही सुचेना. सोपी भाषा मागावी तर पोरगी लवकर जाणार, अवघड मागावी तर तिचे हाल. रात्री पायथ्याला राहिलो, मासवडी-भाकरी खाल्ली.

रविवारी सकाळी शिवनेरी. गंगा-जमुनाच्या टाक्यातलं पाणी उन्हाळ्यातही गार असतं. तिथे कठड्याला टेकून मुग्धा म्हणाली, “खालच्या लेण्यांत एका यवनाने टाकी दान दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक लोक. लेख मात्र इथल्या भाषेत, इथल्या लिपीत.”

“कुठून आला, आणि इथल्यांना वाचता येईल असं लिहून, पाणी ठेवून गेला,” मी म्हटलं. तिने वाकून खालची लेणी दिसतात का बघितलं.

दुपारी घोडेगावच्या पुढे माझं माहेर. आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या ओल्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरव तात्यांनी फुलं लावली. मी मनात ठरवलं, उजवं ग्रीक, डावं कॅन्टोनीज. मुग्धा शेजारी डोळे मिटून उभी.

उजवं पडलं.

“उजवा दिला! करा काम,” तात्या म्हणाले.

“ग्रीक!” मी ओरडलेच.

तात्यांनी मान वळवली. “इचारलं काय व्हतं तुमी?”

मी सांगितलं. तात्यांनी कपाळावर हात मारला. “अगं माहेरवाशीण ना तू? ह्ये का ते, असं कुनी इचारतं? देवी काय एष्टीचा कंट्रोलर हाय, कुठल्या गाडीत बसू म्हनायला? ती जा म्हनती, न्हाईतर थांब म्हनती. बाकी तुमचं तुमी बघा.”

मी ओशाळले. लहानपणापासून कौल बघत आले आणि विचारायचं कसं तेच विसरले. परत लावावा म्हटलं, तर तात्या म्हणाले, एका कामाला एकदाच.

गाडीत मुग्धा म्हणाली, “आई, कौल वाया नाही गेला. मी पण विचारलं होतं. आईला एकटीला ठेवून जाऊ का, एवढंच.”

मी खिडकीबाहेर बघितलं. कांद्याची शेतं होती, ती मोठी छान दिसत होती.

“आणि भाषा?” मी विचारलं.

“ग्रीक. तीन लिंगांसाठी नाही. तो टाकी देणारा यवन इथे आला तेव्हा त्याचीही आई तिकडे असेल ना?”

सोमवारी तिने कळवलं. आता रोज संध्याकाळी ती आतल्या खोलीत शेपटं घोकते. मी दिवा लावते, शुभं करोति म्हणते, आणि वाती वळताना सहाच्या सहा ‘सी’ एकदा म्हणून घेते. कोणी वापरणार नाही हे ठाऊक आहे. पण फुकट आणि चांगली आलेली वस्तू मी आजवर टाकलेली नाही. आणि मुग्धा तिकडे गेल्यावर या वेळेला घरात कोणाचा तरी आवाज लागेलच.