रयमतीबाईच्या वर्गातला बाजार

मुरनपालच्या शाळेत मी खिचडी रांधतो. त्यामुळं रयमतीबाईचं प्रकरण चुलीपाशी बसूनच पाहिलं. बाई नेताम कुळातली गोंड. आवाज कोंबड्याला लाजवणारा, आणि हट्ट एकच: पोराला आधी त्याच्या गोंडीत शिकवायचं, मग हिंदीत, आणि तेही हात मातीत घालून.

म्हणून तिनं वर्गातच बाजार मांडला. नुसती गोंडी बोलणारी पोरं चिंचोक्यांचे ढीग लावून विकायची. थोडी हिंदी येणारी दोन्ही भाषांत भाव करायची. दोन्हीकडं जीभ चालणारी फळ्यावर हिशेब लिहायची. हिडमे नावाची पोरगी आधी भिंतीला चिकटून मुकी बसायची. दुकान मिळालं आणि तिचं तोंड असं सुटलं, की बाईलाच दटावायला लागली.

अशात चौबेसाहेब तपासणीला आला. गोंडीपायी पोरं हिंदीत मागं राहतात, अशी वर कोणी चहाडी केली होती. पोरं बेरजेत चुकली तर गोंडी बंद, सरसकट हिंदी, असा त्याचा हुकूम. बाईचा चेहरा उतरला. हिडमे पुन्हा भिंतीला चिकटणार!

साहेब नवी नवी गोंडी शिकून आलेला, ती मिरवायची हौस. हिडमेच्या ढिगापुढं उकिडवा बसून गोंडीतच म्हणाला, "पाच आन पाच किती व्हते, माय?"

"अकरा."

"नीट मोज."

"मोजले. अकरा."

"दहा! साऱ्या जगात दहा!"

खिडकीतून गावचा पुजारी, कोसा गायता, आत डोकावला. "जगात असन, सायेब. आपल्या इथं माल घेतला का वरून एक द्याच लागते. दहावर हात आखडला, तो मानूस कायचा?"

"दहाच पायजे असन तं दुसऱ्या दुकानात जा," हिडमे म्हणाली.

"वर्ग बंद!" साहेब ओरडला.

"लेकरू वरून एक देते, तं तो नाकारून वर बोंबलते!" गायता बाहेरच्या लोकांकडं वळला. "याले कोंबड्याचा दंड लावा."

लोक माना डोलवायला लागले. कोंबडा तांबडा का पांढरा, यावरच वाद पेटला. तेवढ्यात बाई पुढं झाली. "सायेब, तेच हिंदीत इचारून पाहा ना."

साहेबानं दात-ओठ खात हिंदीत विचारलं.

"दहा," हिडमे म्हणाली.

"मग मघाशी अकरा कुठून आणले?"

"हिंदी तं माल घ्याले येनारा कोचिया बोलते. तराजू घेऊन येते, काटा मारते. त्याले वरून कायले देऊ?"

साहेबानं गोंडीत विचारलं: अकरा. हिंदीत: दहा. दुसऱ्या पोराला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. तेच. साहेबाचा सदरा घामानं भिजला. शेवटी तो स्वतःच बोटं मोजायला लागला आणि मधेच थांबला.

"बाई, चूक कुठं आहे?"

"हिंदीत तं नाई. तक्रार हिंदीचीच व्हती ना?"

साहेबानं चिंचोक्यांचा ढीग बाजूला सारला. मग उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "गोंडी चालू द्या. पण हे चिंचोके उद्यापासून दिसता कामा नयेत."

"हव, सायेब."

दुसऱ्या दिवशी बाईनं मोहाच्या बिया मांडल्या.