डिंभ्याच्या कासवबाई

कासवबाई शाळेत आल्या की आधी व्हरांड्यात डोळे मिटून बसायच्या. "दमले हो," एवढंच म्हणायच्या आणि खांद्यावरची पिशवी माझ्याकडे, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेकडे, द्यायच्या. पिशवीत नारळाच्या करवंट्या, तुटक्या चपला, गोणपाटाचे तुकडे. घोडेगावाहून डिंभ्याला येणाऱ्या एसटीचा नेम नसे, त्यामुळे त्यांचा दिवस दमूनच सुरू होई. नाव मुलांनी ठेवलेलं. थोडं त्यांच्या चालीवरून, बरंचसं शिकवण्यावरून.

त्या कोकणातल्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. वाळूतली कासवाची अंडी लोक उकरून नेताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, आणि ते मनातून गेलं नव्हतं. आमच्या शाळेत एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. तरी बाईंनी तिथे समुद्री कासवं आणली. करवंट्यांना चपलेच्या रबराचे पाय लावून मुलं ती करायची.

मग मैदानात नदीची वाळू पसरायची आणि पलीकडे निळी साडी अंथरायची. साडी म्हणजे समुद्र. काही मुलं कावळे, कुत्री, खेकडे व्हायची. बाकीची पिल्लं होऊन पोटावर सरपटत साडीकडे निघायची. सोनाली नावाची मुलगी दर वेळी कावळ्याच्या तावडीत सापडायची आणि रडायची. "रडू नको, खरंच असंच असतं," बाई म्हणायच्या. "निघतात पुष्कळ, पोचतात थोडी." मला ते कठोर वाटे. मी तसं बोलल्यावर त्या म्हणाल्या, "खोटं सांगायला अंगात जोर लागतो. तो आता माझ्यात नाही."

गावाला हे पटत नसे. "हितं समुद्र कुठाय, बाई? पोरान्ला पाढे शिकवा," असं पालकसभेत सोनालीच्या वडिलांनीच सुनावलं होतं. बाळूभाऊ, धरणात मासे धरणारे. पाढे बाई शिकवतच होत्या.

एकदा शाळा सुटल्यावर मी बाईंच्या सोबतीला थांब्यावर उभी होते. सोनाली धावत आली. बाळूभाऊंच्या जाळ्यात धरणातलं कासव अडकलं होतं. घरात कासव ठेवलं की बरकत येते म्हणून बेल्ह्याच्या बाजारातला एक व्यापारी ते न्यायला निघाला होता. तेवढ्यात एसटी वळणावर दिसली. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सोनालीमागून धरणाकडचा उतार उतरू लागल्या.

"तुमचं कासव समुद्रातलं, बाई," बाळूभाऊ म्हणाले. "हे आमच्या धरणातलं. ह्याचं तुमी काय शिकिवलं व्हतं?"

"काहीच नाही, भाऊ. हे सोडवायचं तुमच्या लेकीनं तिचं तिनंच ठरवलंय."

बाळूभाऊ लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाळं कापल्याबिगर निघायचं न्हाई ते."

"कापा. मी विणून देते."

कासव पाण्यात गेलं. व्यापारी मोटारसायकलवर आला, चिडला, निघून गेला. बाई दगडावर बसून अंधार पडेपर्यंत जाळं विणत होत्या, आणि बाळूभाऊ शेजारी बसून त्यांच्या बोटांकडे बघत होते. एसटी गेलेली, म्हणून बाई माझ्याकडे राहिल्या. "आज जिंकलात," मी म्हटलं. "कुठलं जिंकतेय? उद्या आणखी एखादं अडकेल," त्या म्हणाल्या. "थोडा भात टाकता का?"

पुढे त्या निवृत्त होऊन कोकणात गेल्या. गेल्या वर्षी त्यांच्या भाच्याचा फोन आला. बाई गेल्या होत्या.

मी बाळूभाऊंना सांगितलं. त्यांनी गावाचं नाव विचारून घेतलं आणि कुणाला काही न बोलता जाऊन आले. परतल्यावर थेट शाळेच्या दारात येऊन उभे राहिले, चपला बाहेर काढून.

"घरचे भेटले?" मी विचारलं.

"भेटले. समुद्र बी पाह्यला." "लई पाणी हाय वो. येवढं दारात सोडून बाई आमच्या हितं इतकी वर्सं ऱ्हायल्या कशा?"