सत्काराची चादर

आमच्या शुक्रवार पेठेतले इस्त्रीवाले मामा कुणाशी भांडत नाहीत, गोड बोलतात; भीती त्याचीच वाटते. गल्लीतल्या उघड्या गटारात माझ्या सासूबाईंचा पाय मोडला, तेव्हा नगरसेवकांनी गटार झाकायचा शब्द दिला. मामांनी लगेच सोलापुरी चादर घालून भर चौकात त्यांचा सत्कार केला. "काम व्हनारच की! सत्कार आदी उरकू."

वर्ष गेलं, गटार उघडंच. गेल्या आठवड्यात वॉर्डाच्या सभेत मामा हात जोडून उभे राहिले. "सायेब, ती चादर परत द्या की. गटारावर टाकतो. तेवढंच झाकंल."

तिसऱ्या दिवशी गटारावर फरशा बसल्या.

आज मामा नव्या चादरीची घडी घालत होते. "ही कुणाला?" मी विचारलं.

"पान्याच्या इंजिनेरला. रोज पानी सोडतो म्हनलाय न्हवं!"