मास्टरांशिवायचे आठ दिवस

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लोटू पाटील तेवीस वर्षं कलर मास्टर होते. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे त्यांच्याच नजरेनं ठरायचं. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही लॉट पुढे जात नसे. मग त्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी महिन्यानंतरची तारीख दिली आणि ऑपरेशननंतर आठ दिवस घरी बसायला बजावलं.

त्या महिन्यात कुणी कापडाचा तुकडा घेऊन आलं, की लोटूभाऊ आधी विचारायचे, "तुला काय वाटतं?" सुरुवातीला सगळे तुकडा त्यांच्याच हातात द्यायचे. एकदा लॅबमधल्या जयश्रीनं चुकीचा लॉट पास केला. लोटूभाऊ ओरडले नाहीत. तिच्यासोबत उभे राहिले आणि तो तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतला.

ऑपरेशन झालं. तीन दिवस मिलमधून एकही फोन आला नाही. चौथ्या दुपारी त्यांनीच जयश्रीला फोन लावला.

"सगळं ठीक आहे ना?"

"काल मोरपंखी लॉट गडद आला होता, भाऊ. आम्ही चौघांनी मिळून थांबवला, पुन्हा जुळवला. पार्टीनं आज माल उचललासुद्धा."

"मग मला का नाही विचारलं?"

"गरजच नाही पडली," ती बोलून गेली आणि एकदम ओशाळली.

लोटूभाऊ मोठ्यानं हसले. इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशीही त्यांचं अर्धं मन मिलमध्येच असायचं. त्या दुपारी मात्र ते आडवे झाले आणि बायकोनं चहासाठी उठवेपर्यंत गाढ झोपले.