लाल औषधाचे दोन थेंब

पन्नाशीच्या माणसानं रिमोटच्या गाड्या चालवू नयेत, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी चौकशी केली आहे.

माझ्याकडे हातभर लांबीचा एक रिमोटचा ट्रक आहे. (बायको त्याला 'तुमचं धाकटं' म्हणते, आणि त्यात कौतुकाचा अंशही नसतो.) या गाड्यांचं एकच दुखणं, थरथर. मोटार सुरू झाली की सगळा सांगाडा थरथरतो आणि एकेक नट मुकाट्यानं सैल होत जातो. एकदा पिंगळीच्या माळावर भर वेगात माझ्या ट्रकचं पुढचं चाक निखळलं आणि एकटंच रेल्वे स्टेशनच्या दिशेनं निघून गेलं! तेव्हापासून मी नटांच्या बाबतीत कडक झालो. त्यावर एक औषध मिळतं. बोल्टच्या आट्यांवर थेंबभर लावायचं, नट पिळायचा आणि रात्रभर ठेवायचं. निळं औषध लावलं तर नट पान्यानं पुन्हा उघडतो. लाल लावलं, तर चांगला तापवल्याशिवाय ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडत नाही!

हे ज्ञान मी घरात इतक्यांदा पाजळलं होतं, की बोरीच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या मुलीचा साखरपुडा ठरला तेव्हा भाची मुक्तानंच फोन केला.

"मामा, आजकाल लोक ड्रोननं अंगठी आणायलेत. आपण तुमच्या ट्रकवरून पाठवू की!"

मी कुठला नाही म्हणतोय! पण मागून अक्कानं फोन हिसकावला.

"परकाश, लेकराचा हट्ट हाय म्हणून मी हो म्हणायले. पण नवरदेवाचे आबा लय कडक हायत. त्यांच्या येलदरीचे लोक सांगतेत, मागं एक सोयरीक चहा गार होता म्हणून मोडली त्यांनी! अंगठी खाली पडली तर अपशकुन म्हणून उठून जातील. माझ्या पोरीचा जीव बसलाय रे त्या विशालवर."

"अक्का, तू निर्धास्त राहा."

"तू निर्धास्त म्हणला की मला घाम सुटतो," अक्का म्हणाली.

आदल्या संध्याकाळी मंगल कार्यालयात रंगीत तालीम घेतली. ट्रकच्या हौद्यात मखमली डबी, डबीत अंगठी. गाडी झोकात निघाली, गालिच्याच्या सुरकुतीवर उडाली, डबी एकीकडे आणि अंगठी खुर्च्यांखाली! अक्का जागच्या जागी मटकन खाली बसली. तिथूनच माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी पतंगापायी मी तिची नवी छत्री मोडली होती, तेव्हासुद्धा तिनं असं बघितलं नव्हतं.

मग मी पेटलो. हौद्याला भोक पाडून उभा बोल्ट बसवला. बोल्टवर अंगठी अडकवली. वर मोठं वायसर, त्यावर नट. आता औषध! निळी बाटली हातात घेतली, अक्काचा चेहरा आठवला, निळी खाली ठेवली. लाल घेतली. एक थेंब टाकला. मग जोखीम नको म्हणून आणखी एक.

पडू नये, पडू नये, पडू नये! माझ्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्यालय गच्च भरलं. समोर विशाल, त्याच्या शेजारी पांढरा फेटा बांधलेले आबा, काठीवर दोन्ही हात ठेवून. गुरुजींनी खूण केली. माझे अंगठे रिमोटवर घामानं घसरायला लागले. ट्रक निघाला. सुरकुती आली, ट्रक उडाला, आणि अंगठी हललीसुद्धा नाही! टाळ्या! अक्कानं डोळ्याला पदर लावला. मी मान जराशी वाकवून टाळ्या स्वीकारल्या. (स्वीकारायला नको होत्या.)

विशाल वाकला. त्यानं अंगठी ओढली. मग नट फिरवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की ही अंगठी काढायचीही असते.

"मामा, हे निघंना गेलंय."

"जोर लाव बेटा."

त्यानं जोर लावला. ट्रक सगळाच वर आला. माझ्या खिशातला पाना लावला, तर नटाबरोबर बोल्टही गरागरा फिरायला लागला. मागच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. "पहिल्याच दिवशी अडकलं बाई!" गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले.

"काय लावलंय त्याला?" आबांनी विचारलं.

"औषध."

"कामून?"

मी पाना पुसायला लागलो.

"तापवावं लागतंय," मी पुटपुटलो. बायकोनं कपाळावर हात मारला, विशालनं ट्रक उचलला आणि आम्ही सगळे आचाऱ्याच्या भट्टीकडे पळालो. मागून काठी ठकठक वाजवत आबा.

"अगोदर बॅटरी काढा, स्फोट होईल!" मी ओरडलो. मंगल कार्यालयात 'स्फोट' हा शब्द उच्चारू नये. निम्मे पाहुणे चपला न घालता रस्त्यावर गेले! बॅटरी काढली. आचाऱ्यानं लांब दांड्याचं उलथनं लाल करून नटावर टेकवलं. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. विशालनं एका हातानं खालून बोल्ट पान्यात धरला आणि दुसऱ्या हातानं आचाऱ्याच्या सांडशीनं नट पिळला. अक्का पुटपुटत होती, "देवा, पोरीचं मोडू नको रे, मोडू नको."

"फिरलं!" विशाल ओरडला.

नट सुटला, वायसर उडालं, आणि सांडशीत धरताना तापलेली अंगठी निसटली! माझे हात रिकामे होते. पण हात पुढे करायचं सुचलं कुणाला? अक्काला! तिनं झपकन पैठणीचा पदर पसरला. अंगठी पदरात. पदरावर चुर्र झालं आणि काळा डाग उमटला.

कुणी हलेना. आबा पुढे आले, पदरात डोकावले.

"भुईला लागली का?"

"न्हाई!" अख्खं स्वयंपाकघर ओरडलं. आचारीसुद्धा.

"मंग उभे कामून हाव? मुहूर्त चाललाय. अन् विहीनबाई, पैठणी आमच्याकडून."

अक्का तिथेच रडायला लागली. विशालनं गार पाण्यात बुचकळलेली अंगठी मुक्ताच्या बोटात घातली, आणि माझ्या जिवात जीव आला. जेवणाच्या पंगतीत आबांनी मला हाक मारली.

"मामा, लग्नात नवरीला मांडवात तुमीच आणणार न्हवं?"

"हो, मानच आहे तो मामाचा."

"चालत आणा."

चालतच आणलं. फक्त निघण्याआधी अक्कानं भर वऱ्हाडादेखत माझे खिसे तपासले, आणि त्यात लाल बाटली निघाली.