येऊन राहिलो जी

फाटकाशी आला की तो आधी थांबायचा. चपला दोनदा जमिनीवर घासायचा, घसा खाकरायचा आणि मग समोर कुणी असो नसो, सांगायचा, "येऊन राहिलो जी."

मगच आत. आमच्या संस्थेचं ऑफिस अर्जुनी मोरगावात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. दार दिवसभर सताड उघडं आणि दारासमोरच्या खुर्चीत मी. मी त्याला पाहतेय, तो मला पाहतोय, तरी हा बाबा खाकरणार. वयानं माझ्यापेक्षा थोडा लहान, म्हणून मी त्याला अरे म्हणायची आणि तो मला ताई.

"दिसून राहिला ना रे, ये की आता," मी वैतागून म्हणायची.

"दिसलं तरी सांगा लागते, ताई."

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या आधी त्याचा आवाज घरी पोचतो. पण हा देवळात शिरतानाही सांगायचा. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या भरावावरून, सायकलनं येताना खालच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उभी दिसली, तर सायकल थांबवून तिलाही सांगायचा. पाखरं मान वळवून बघायची आणि पुन्हा चिखलात चोच घालायची. त्याची बायको म्हणायची, "आमच्या घरी आदी आवाज येते, मंग सायकल येते, अन् मंग हा मानूस येते."

गावात त्याला सगळे व्हिलन म्हणायचे. धानाची थोडी शेती होती, पण दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला की गावोगावच्या नाटकांत त्याला बोलावणं असायचं, आणि पार्ट एकच, दुष्ट माणसाचा. छळणारा नवरा, कपटी सावकार, दारुडा बाप. डोळ्यांत काजळ भरून तो स्टेजवर नुसता उभा राहिला तरी पुढच्या रांगेतली लेकरं आयांच्या पदरात शिरायची. एकदा बाजारात एका म्हातारीनं त्याला वांगी द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, "बायकोले मारतस अन् वांगे मांगतस? जाय तिकडं." हा तिच्यापुढं हात जोडून उभा, आणि मी बाजूला हसून हसून बेजार. शेवटी वांगी मी घेतली.

आमचं काम म्हणजे घरातली मारहाण आणि लेकरांवर होणारे अत्याचार. ते कुठं होतात, लोक काय करतात, थांबवायचं कसं, याचा आम्ही गावोगाव अभ्यास करायचो आणि शाळा-अंगणवाड्यांसाठी चित्रं, पुस्तिका, खेळ असं साहित्य तयार करायचो. घरोघर बसून मला एक गोष्ट दिसायला लागली होती. बाई सुपात धान पाखडत असते, आपल्याशी बोलत असते. बाहेर पावलं वाजतात. काही घरांत तिचा हात चालूच राहतो. काही घरांत तो थांबतो. तिला विचारा, ती म्हणेल, आमच्या घरी सगळं बेस आहे. पण हात थांबलेला असतो. हे मी अहवालात लिहिलं तेव्हा वरून विचारणा आली, हे मोजायचं कसं? मी म्हटलं, तुम्हीच या आणि मोजा.

हे सगळं मी त्याला सांगितलं. मला शाळेत दाखवायला एक छोटं नाटक बसवायचं होतं आणि म्हणून त्याला बोलावलं होतं.

"पार्ट कोनता?" त्यानं विचारलं.

"मारणारा बाप."

"मंग दुसरा कोन करन?" तो म्हणाला आणि चहा संपवून तालमीला उभा राहिला.

पहिला प्रयोग पाळीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात होता. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. दुपार कलायला लागली तसं तलावावरून गार वारं सुटलं, आणि शाळेच्या पटांगणात सगळं गाव गोळा झालं. नाटक म्हटल्यावर इकडं कुणी घरी बसत नाही. पोरांसाठी केलेलं नाटक, पण पुढं बसली सगळी बापेमाणसं.

त्यानं काम इतकं जबरदस्त केलं की काय सांगू. चप्पल फरफटत आला, पोराला ओढलं, हात उगारला. पोराच्या पार्टला गावातलाच एक चुणचुणीत मुलगा होता. आणि मागून आवाज आला, "वन्समोर!"

मग चहूकडून सुरू झालं. शिट्ट्या, टाळ्या, वन्समोर. मंडईत गाणं आवडलं, मारामारी आवडली की लोक वन्समोर मागतात आणि नट ते पुन्हा करून दाखवतो, हीच इथली रीत. लोक रीतीनंच वागत होते. पण हा लेकराला मारण्याचा वन्समोर. मनात म्हटलं, झालं, आपल्या हातानं आपण तमाशा केला.

तो मधोमध उभा होता. काजळानं माखलेले डोळे त्यानं मिटले आणि उघडले.

"ठीक आहे जी," तो म्हणाला. "वन्समोर. पन आता मी लेकरू."

पोराला त्यानं लोकांत जाऊन बसायला सांगितलं. मग माझ्याकडे आला, पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. "ताई, शाळेच्या भिंतीमागं जा. हळूहळू वाजवा. मी सांगत नाई तवरिक थांबू नका."

म्हणून त्याचं ते काम मी कधी पाहिलंच नाही. मी भिंतीमागं, हातात त्याच्या चपला. समोर कापलेल्या धानाची बुडखं, पलीकडे पाळ, पाळीवर लाल झालेला सूर्य. मी वाकून चप्पल जमिनीवर घासतेय, थांबतेय, पुन्हा घासतेय. पलीकडून शिट्ट्या येत होत्या, त्या विरळ झाल्या. मग कुणीतरी हसलं, तेही बंद झालं. मग काहीच नाही. मला वाटलं, लोक उठून गेले बहुतेक. चपलेचा आवाज मलाच नकोसा झाला. आपण झोपेत आहोत आणि कुणाच्या तरी घराकडे चालत निघालोय, असं काहीतरी वाटायला लागलं.

लोकांनी नंतर सांगितलं, त्यानं काहीच केलं नाही. जमिनीवर बसला, समोर ताट आहे असं दाखवलं, घास उचलला, आणि आवाज आल्यावर हात तिथंच थांबवला. बस. एवढा आडदांड माणूस आवाज जवळ येईल तसा लहान लहान होत गेला म्हणे. बापे खाली मान घालून बसले होते.

मी चप्पल घासतच होते, तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यातून एक मुलगी आली. पाचवी-सहावीतली असेल. दोन वेण्या, शाळेचाच ड्रेस. माझ्या हातातल्या चपलेकडे बघत उभी राहिली. "काय व, काय झालं?" मी विचारलं. तिची नजर चपलेवरून हलली नाही.

नाटक संपलं. तो चपला न्यायला आला. अनवाणी होता, पाऊल वाजणार नव्हतंच. पण मुलगी पाठमोरी उभी दिसली तसा तो कोपऱ्यावरच थांबला. घसा खाकरला.

"येऊन राहिलो जी."

मुलीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. सगळं गाव ज्याला घाबरतं त्या माणसाकडे, तोंडाला रंग तसाच असलेल्या. तो चार हात लांब मातीतच बसला.

"तुमचं चुकलं," ती म्हणाली. "चप्पल नाई वाजत."

"मंग काय वाजते बाई?"

"कायच नाई. तो चप्पल बाहेर काढून येते."

"कोन?"

"काका."

पुढचं तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. ज्यांना सांगणं भाग होतं त्यांनाच आम्ही सांगितलं. तो मधे एका शब्दानं बोलला नाही, जवळ सरकला नाही. तिचं संपल्यावर म्हणाला, "मले खरं वाटते. अन् यात लेकराची चूक नसते."

"कोनाले सांगू नका," ती म्हणाली.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तिला सांगितलं, "सांगा लागन बाई. पन जिथं सांगू तिथं मी तुह्यासंगं राहीन." तिनं मान हलवली नाही, पण पळूनही गेली नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पोलीस आले, बालकल्याण समितीपुढं जाणं झालं, आणि गाव उलटलं. नाटक पाहून पोरगी नाटक करून राहिली, म्हणाले. व्हिलननं पोरीच्या डोक्यात भरलं, म्हणाले; आयुष्यभर दारुड्याचे पार्ट करणाऱ्याचं काय ऐकता. मुलीचा बाप नागपूरला बांधकामावर होता, त्याचा फोन लागत नव्हता. घरात आजी, तो काका आणि आई. मुलीला आम्ही तिच्या मामाच्या गावी पोचवलं होतं. पण घर परत तिचं होणार की नाही, हे सगळं येऊन ठेपलं होतं तिच्या आईवर. आणि आई एक शब्द बोलत नव्हती.

तो रोज ऑफिसात यायचा. खाकरायचा, सांगायचा, येऊन बाकावर बसायचा. "आली का जी माय तिची?" एवढंच विचारायचा. नाही म्हटलं की पाणी पिऊन जायचा. तेवढ्यात नाटक कंपनीचा निरोप आला, यंदा तुमचा पार्ट नाही, चार गावांनी सांगितलंय की हा माणूस आमच्या मंडईत नको. मला फार लागलं. त्याला मी म्हटलं, "माझ्यापायी तुझा हंगाम गेला रे."

"तुमच्यापायी कायले? वन्समोर लोकाईनंच मांगतला ना," तो म्हणाला आणि हसला. पण त्या दिवशी चहाला नको म्हणाला.

एका संध्याकाळी आम्ही पाळीवरून चालत येत होतो. तो सायकल हातानं ढकलत होता. तलावावर धुकं उतरत होतं, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मी विचारलं, "तू हे 'येऊन राहिलो' सगळीकडे सांगत काऊन फिरतोस रे?"

"आमचा बाप पेत नव्हता, ताई," तो म्हणाला. "लोकाईले वाटते पेलेलाच मारते. बाप शुद्धीत राहे. गुपचूप येये. आमी जेवत राहो, अन् तो मांगं उभा. कवापासून उभा आहे, पत्ताच नाई." सायकलीची चेन तेवढी कुरकुरत होती. "मी तवाच ठरवलं. मी येईन तं सात घरं आदी समजन."

खाली सारसं होती का, मी पाहिलं नाही. त्यानं मात्र सायकल थांबवून धुक्यात सांगितलं, "येऊन राहिलो जी."

आणि मग मुलीची आई आली. ऑफिसच्या दारात उभी, पदर तोंडाशी. तो बाकावर होता. ती माझ्याशी बोलली नाही, त्याच्याशीच बोलली.

"मीबी आयकलं होतं रातच्याले," ती म्हणाली. "मले वाटे मांजर होय."

मग ती जी रडली, ते मला अजून ऐकू येतं. तो हळूच उठून बाहेर गेला आणि गल्लीत भिंतीला टेकून बसला. मी बाहेर डोकावले तर हा एवढा मोठा व्हिलन गुडघ्यात तोंड घालून बसलेला. मी त्याला हाक मारली नाही.

आई मुलीच्या बाजूनं उभी राहिली, तसा बापही नागपूरहून आला. काकाला अटक झाली. मुलगी घरी परतली. गावानं माफी वगैरे मागितली नाही, गावं मागत नसतात. पण तिच्या आईकडे हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या.

त्या वन्समोरचं आम्ही पुढं साहित्य केलं. आश्रमशाळांच्या शिक्षकांना ते शिकवलं. पुस्तिकेत त्याचीच सूचना छापली आहे, की चप्पल वाजवणाऱ्यानं लोकांकडे पाहू नये. सालेकशाच्या जंगलातल्या गावांपासून इकडच्या तलावांपर्यंत तो फिरला, आणि जाईल तिथं कुणी ना कुणी लेकरू भिंतीमागं यायचंच. काही नुसतं बघून जायचं. तो तेवढा वेळ रंग न पुसता बसून राहायचा.

पुढं पुढं त्याचं खाकरणं खरं झालं. दमा. फाटकाशी आला की बराच वेळ खोकायचा आणि आम्ही म्हणायचो, "कळलं बाबा, ये." तो हात वर करून थांबवायचा, श्वास जमवायचा, आणि सांगायचाच. गेल्या हिवाळ्यात तो गेला. पहाटे झोपेतच. मी गेले तेव्हा त्याची बायको ओट्यावर बसली होती. "साऱ्या जगाले सांगून येनारा मानूस," ती म्हणाली, "मले न सांगता गेला, ताई." मी तिचा हात धरून बसले.

मला त्याची फार आठवण येते. ऑफिसचं दार अजून उघडंच असतं, लोक सरळ आत येतात आणि मी दचकते.

परवा त्या पाळीखालच्या गावी गेले होते. काम काही नव्हतं, सहज. मुलीची आई अंगणात लाखोरीची डाळ निवडत होती. सूप मांडीवर, बोटं सराईत चालत होती. उन्हं उतरली होती, कुठंतरी चूल पेटली होती, आणि बोलता बोलता आम्ही दोघी गप्प झालो होतो.

गल्लीत पावलं वाजली. इतक्या वर्षांची खोड, माझी नजर आधी सुपावर गेली.

पावलं फाटकाशी थांबली. चपला मातीत दोनदा घासल्या. कुणीतरी घसा खाकरला.

"येऊन राहिली जी."

मुलगी होती. आता अर्जुनीला नर्सिंगला जाते, एसटीनं रोज येते-जाते. सुपातला हात थांबला नव्हता. आईनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"हात धुऊन घे व," ती म्हणाली. "भाजी गरम हाय."